ताईचा बुधवार

फोन शकूबाईंचा होता. “मावशी, बाई गेल्या. तुमी निघा,” एवढंच त्या बोलल्या. शकूबाई म्हणजे अचलपूरला माझ्या ताईच्या शेजारी राहणाऱ्या भाजीवाल्या, एरवी फोन हातात आला की अर्धा तास सोडत नाहीत. मी इथे अमरावतीला स्वयंपाकघरात उभी होते. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही, राग आला. जाऊ नको म्हणून मी ताईला तीन वर्षांपूर्वी बजावलं होतं. हृदय कमजोर आहे, खाली बसणं-उठणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं म्हणणं खरं ठरलं, आणि ते ऐकायला ताई राहिली नव्हती...

करुणाताई अकोल्याला मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होती. शांतवन भाऊजी गणिताचे मास्तर, बोलणं मोजकं. दोघं निवृत्त झाले तेव्हा मुलाने माझ्याच इमारतीत, माझ्या डोक्यावर, त्यांच्यासाठी फ्लॅट पाहून ठेवला होता. मी तर पडद्यांचे रंगही ठरवले होते. नेमकं तेव्हाच आमच्या चर्चच्या समितीच्या डोक्यात आलं की ज्या गावात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही तिथे निवृत्त जोडप्यांनी काही वर्षं सेवेला जावं. नियम एकच, पण कडक. नवरा-बायको दोघं हवेत, एकट्या माणसाला पाठवायचं नाही. पहिला अर्ज ताईचा गेला. “वय काय तुझं?” मी विचारलं. “वय झालं म्हणूनच जाऊन राहिलो,” ती म्हणाली. “बाल्कनीत बसून मराले मले जमत नाही.”

अचलपूरला चर्चच्या मागे एक खोली मिळाली. रविवारच्या उपासनेला पाच-सहा घरं, बाकी आठवडा मोकळा. पहिल्याच आठवड्यात गल्लीतले एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, “धर्म बदलाले आले का तुमी?” ताईने भाऊजींकडे बोट दाखवलं. “चाळीस वर्षात मले या माणसाची तीन चमचे साखरेची सवय बदलता नाही आली. तुमाले काय बदलू? या, चहा घ्या.” ते आले, आणि त्यांनीही तीन चमचे साखर घेतली.

नखांचं काम शकूबाईंच्या सासूपासून सुरू झालं. म्हातारीला वाकता येत नव्हतं, पायाची नखं वाढून बोटात रुतली होती, चप्पल घालता येईना. सुना भाकरी देतात, औषध देतात, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायाकडे कोण बघतं? ताईने कोमट पाण्यात पाय भिजवले, नखं कापली, खोबरेल तेल लावलं. मग तिने ठरवलं, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नखं आपण काढायची. बायकांची ती, पुरुषांची भाऊजी. रविवारच्या आधी शनिवार रिकामा, म्हणून दर शनिवारी दोघं बादली आणि स्टूल घेऊन निघायचे. चार शनिवार एकाही घरात कोणी पाय पुढे केला नाही. “आज नको,” म्हणून दार लोटायचे. ताईने मला फोन करून गल्लीवर तोंडसुख घेतलं. आपण ख्रिस्ती म्हणून विटाळ मानून राहिले हे लोक, आता तर मी हटतच नाही, वगैरे. शेवटी शकूबाईंनी कपाळावर हात मारला. “बाई, शनिवारी कोणी नखं काढते का? बुधवारी या न.” साठ वर्षं वऱ्हाडात राहिलेली माझी ताई! मिशनच्या कंपाउंडात जन्मली, वसतिगृहाच्या कुंपणात म्हातारी झाली, शेजारच्यांचा शनिवार तिला ठाऊकच नव्हता. त्या दिवशी ती फोनवर इतकी हसली की तिला धाप लागली, आणि मी तिच्यावर ओरडले.

समितीला दर महिन्याला अहवाल पाठवावा लागायचा. किती घरी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली, असा त्यात रकाना होता. ताईने तिथे लिहिलं, ‘सदतीस पाय’. सचिव साहेब अमरावतीहून गाडी करून आले. मीही त्या दिवशी तिथेच होते. “बाई, हे सेवाकार्य आहे, सलून नाही. आणि पाय सदतीस कसे?”

“एका बाबाले एकच हाये,” ताई म्हणाली. साहेब गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी परत बोलावण्याची भाषा काढली. तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, “साहेब, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तुमी चर्चमधी येशूसारखे बारा जणाचे पाय धुता. ते घरूनच साबण लावून आलेले असतात. आमी इथं न धुतलेले घेतो. न्यायचं असन तर उचलून न्या लागन मले.” साहेबांनी चहा अर्धा ठेवला. मला तिचा अभिमान वाटला. पण परतीच्या एसटीत बसायच्या आधी मी तिच्याशी भांडलेच, निदान खाली बसू नको म्हणून. “पाय खालीच असते, रजू,” ती म्हणाली. ती आमची शेवटची भेट.

ती गेली तेव्हा गॅसवर बुधवारचं पाणी तापत होतं. मातीही अचलपूरलाच दिली. पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. सेवा जोडप्यासाठी असल्याने खोली महिनाअखेर रिकामी करावी. मी खोके घेऊन भाऊजींना आणायला गेले. ते ताईच्या साड्यांची घडी घालत राहिले. बुधवार होता. सकाळी दहाला पायरीवर सात म्हाताऱ्या येऊन बसल्या. भाऊजी बादली घेऊन बाहेर गेले, तर त्यांनी लुगड्याखाली पाय ओढून घेतले. परपुरुषाच्या हातात पाय कसा द्यायचा? पण उठून घरीही कोणी गेलं नाही. शकूबाईंची सासू दारातून माझ्याकडे बघत म्हणाली, “तू नर्स होती न वं? मंग काहून उभी हायेस?”

मी तीस वर्षं नर्स होते. खाली बसले. माझे गुडघेही आता ताईसारखेच बोलतात. पहिला पाय मांडीवर घेतला आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. म्हातारीने पाय मागे घेतला नाही. रडणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “अंगठ्यापाशी सांभाळून.”

दुपारी साहेबांचा फोन आला, खोली कधी सोडता म्हणून. मी म्हटलं, “साहेब, तुमाले दोन माणसं पायजे न? पुरुषांची नखं भाऊजी काढते, बायकांची मी. मेव्हणी चालते का, ते समितीले विचारून घ्या. नाही चालत म्हणाले तर खोली रिकामी कराले स्वतः या. बुधवारी या, अन् मोजे घालून येऊ नका.”

दोन महिने झाले. भाऊजी त्याच खोलीत आहेत. दर बुधवारी पहिल्या एसटीने मी अचलपूरला जाते. साहेब अजून आलेले नाहीत.