उरलेला डोळा

डोळेवाली काकी मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करतेय असा कोणाचा समज व्हायला नको. जोह्याच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसून मूर्तींचे डोळे आखते, म्हणून डोळेवाली. आणि तिला कोणी "काकी, कशी हाय गो तब्येत?" असं विचारलं की मान वर न करता ती पॉलिश पेपरचा तुकडा पुढे करते. "विचारायला आलास ना? मग बस. ही मूर्ती घास." विचारणारा शेजारी असो, नात्यातला असो, नाहीतर खुद्द शेटचा मेहुणा असो. माणूस ओशाळून बसतो, अर्धा तास सोंड घासतो आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन घरी जातो. दुसऱ्यांदा विचारायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तब्येतीला झालंय ते असं, की तिच्या हाडांत रक्त तयारच होईनासं झालंय. डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं होतं. तिनं तो कागद रंग सांडू नये म्हणून डब्याखाली घातला. नवरा हयातभर रोह्याला कंपनीत शिफ्ट करून गेलेला, त्यामुळे हिची भाषाही तिकडचीच. "माझ्या हाडातली कंपनी बंद पडली," ती सांगते. "आता माल बाहेरून येतो. आपण निस्तं चालवायचं." दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं, रक्त चढवून घ्यायचं, पिशवीभर गोळ्या आणायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा स्टुलावर हजर. डॉक्टर म्हणाले, धुळीत बसू नका. ही दोन मास्क लावून वर पदर बांधते आणि धुळीतच बसते.

राहते रोह्याला. सकाळच्या गाडीने पेण, तिथून बसने जोहे. मला निरोगी माणसालाही नको वाटेल असा प्रवास. एकदा मी तिच्याबरोबर होते, तर गाडीत एका पोरीनं तिचा चेहरा बघून जागा दिली. "का? मला काय पाय नायत?" असं त्या पोरीवर खेकसून ही बया निडी, नागोठणं, कासू करत पेणपर्यंत उभी राहिली. ती बसेना म्हणून मलाही बसता येईना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या पोटऱ्या दुखत होत्या.

हॉस्पिटलातही तिचा तोच थाट. सुई फक्त डाव्या हातात. सहा वर्षांत डाव्या हाताच्या शिरांचं पार वाटोळं झालंय, एकदा मी सोबत गेले होते तेव्हा सिस्टर बिचारी हात जोडून म्हणाली, "मावशी, आज उजवा द्या." काकीनं उजवा हात मांडीखाली घातला. "हा कारखान्याचा हाय. याला टोचायचं नाय." चार वेळा डाव्यात टोचलं. मी तोंड फिरवलं, तर माझ्यावरच डाफरली, "तू कशाला तोंड वाकडं करतेस गो? टोचतेत मला!"

आखणी मला तिनंच शिकवली. शिकवली म्हणजे काय, शिव्या घातल्या. "वंदे, हात हाय की फावडं?" हे रोजचं. मी केलेली पापणी बघून ती एकदा नुसतं "हं" म्हणाली होती, तेवढ्यावर मी वर्ष काढलं. एक गोष्ट मात्र तिनं पहिल्या दिवशीच बजावली होती. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने व्हायला पाहिजेत. एक डोळा एकीचा आणि दुसरा दुसरीचा, असं केलं की नजर जुळत नाही, देव तिरळा दिसतो. आमच्याकडे कितीही घाई असली तरी हा नियम कोणी मोडत नाही.

आणि तिची एक खोड सगळ्यांच्याच डोक्यात जायची. हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी ती एका मूर्तीचा एकच डोळा पुरा करायची आणि ब्रश धुऊन चालू पडायची. दुसरा तसाच कोरा. दहा मिनिटांचं काम, पण नाही म्हणजे नाही. तीन-चार दिवस ती मूर्ती तशी अडून राहायची आणि शेट दात-ओठ खात फिरायचा. आम्ही बायका म्हणायचो, माज आहे म्हातारीला. आपल्यावाचून अडतं हे दाखवायला करते सगळं. मीही म्हणायचे. सगळ्यात मोठ्यांदा मीच म्हणायचे.

यंदा आषाढात ती असाच एक डोळा ठेवून हॉस्पिटलला गेली ती चौथ्या दिवशी आली नाही. ताप भरला, ठेवून घेतलं, एवढंच कळलं. आठवडा गेला. तिच्या सुनेचा फोन लागेना. कारखान्यात बायका हळू आवाजात बोलायला लागल्या, कोणीतरी तिच्या स्टुलावर रंगाचे डबे ठेवले. नवव्या दिवशी त्या अडलेल्या मूर्तीचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. शेट माझ्याकडे बघून म्हणाला, "वंदना, काढ गं तो डोळा. ती काय आता येत नाही." मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हटलं नाही. ब्रश घेतला आणि काढला.

दुसऱ्याच दिवशी काकी आली. काठी टेकत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. डबे उतरवायलाही थांबली नाही, सरळ मूर्तीच्या जागेपाशी गेली. पाट रिकामा.

"कुणी केलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

"कसा झाला?"

"चांगला झाला," मी म्हटलं. "गिऱ्हाईक खूश होऊन गेलं." मेल्या जिभेला काही हाड? नजर जुळली होती, ते खरंच होतं, पण तेव्हा ते सांगायची काय गरज होती!

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पॉलिश पेपर फेकून मारला असता तरी चाललं असतं.  ती आली तशी निघून गेली आणि त्यानंतर कारखान्यात फिरकली नाही. मी स्वतःलाच समजावत राहिले, रुसली असेल, येईल. मग सुनेचा फोन आला. "वंदनाताई, आईंची रक्ताची तारीख कालच गेली. जायचंच नाय म्हणतात. गोळ्या पण बंद केल्यात. तुमचं काय झालं हो त्यांच्याशी?"

त्याच दिवशी रोह्याला गेले. काकी ओटीवर बसली होती. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं. मला बघून आत हाक मारली, "ही बघ आली. चहा टाकू नको गो हिला."

"काकी, चुकलं माझं," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"डोळा काढला ते. शेट म्हणाला म्हणून..."

"शेटचं नाव नको सांगूस. तुझं सांग. का काढलास?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. "मला वाटलं, तू आता परत येत नाहीस."

 ती म्हणाली, "मला पण वाटलं होतं. दर वेळेला वाटतं. तिथं पलंगावर पडलं, ती थंडी भरली की वाटतं, बास झालं आता, सुटू दे. मग आठवतं, एक डोळा ऱ्हायलाय. दुसऱ्या कुणाला काढता येणार नाय, आपल्यालाच उठलं पायजे. म्हणून ठेवते मी तो. तुम्ही म्हणता माज. म्हणा. मी त्याच्या जोरावर घरी येत होते गो. आणि तू तोच काढलास."

मला रडू फुटलं. ते बघून ती भडकली. "माझ्याकडं रक्त नाय, तुझ्याकडं अक्कल नाय. रडायचं कुणी?"

मग माझंही डोकं फिरलं. सहा वर्षं ऐकून घेतलेलं सगळं एकदम वर आलं. "मग आता काय, एका डोळ्यासाठी मरणार तू?" मी ओरडले. "मर. पण तिकडे शंभर मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी बसल्यात त्या कोणाच्या जिवावर? मला शिव्या घालायच्या तर तिथे येऊन घाल. रुसायचं असेल तर गणपती झाल्यावर रूस!" सून दारात येऊन उभी राहिली. मी उलट बोलले असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

काकीनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. मग भिंतीला धरून उठली आणि मुलाला हाक मारली. "गाडी काढ."

"हॉस्पिटलला ना, आई?"

"आधी जोह्याला."

त्या दिवशी तिला स्टुलावर नीट बसवत नव्हतं. मुलानं खांद्याला आधार दिला, तर तिनं त्याचा हात झटकला. तीन फुटी मूर्ती समोर ओढून घेतली आणि डावा डोळा आखायला घेतला. वीस मिनिटं लागली.  झाल्यावर तिनं ब्रश धुतला आणि मूर्ती उचलायला लावली. आपल्या जागी नाही, माझ्या स्टुलासमोर ठेवायला लावली.

"सांभाळ," म्हणाली. "हात लावलास तर बोटं मोडीन." आणि गाडीत जाऊन बसली.

आज तिला हॉस्पिटलात जाऊन अकरावा दिवस. ताप उतरतो, पुन्हा चढतो, असं सून कळवते. परवा काकी स्वतः फोनवर आली. आवाज खोल गेलेला. "हाय ना जागेवर?" एवढंच विचारलं.

"हाय," मी म्हटलं. "तू आली नाहीस तर मीच काढणार."

"काढून बघ," म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळपासून त्या मूर्तीचं गिऱ्हाईक अंगणात टेम्पो लावून उभं आहे. शेट दोनदा ओरडून गेला, तिसऱ्यांदा म्हणाला उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, नाही येत, पण आज इथून हलत नाही. त्याला बाजूला सारून मी दारातच उभी राहिले आहे. मूर्ती जाणार नाही. काकी येईल. न येऊन जाते कुठे!