निळ्या मार्करने लिहिलेलं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नऊ वर्षं आयसीयूत नर्स आहे. मेलेली माणसं भरपूर पाहिली, परत आलेलं एकही नाही. शेजारीण भुताखेताचं सांगायला लागली की मी कुकर लावायला उठते.

राहते बोळिंजला. माहेर वसईत, वाडीतलं घर. धाकटा भाऊ निलेश तीन वर्षांपूर्वी गेला. एका म्युझिक फेस्टिव्हलहून मित्रांनी त्याला भर दुपारी घरी आणून सोडलं. "काही नाही ताई, ऊन लागलंय," म्हणाले आणि सटकले. अंग नुसतं तापलेलं, नजर भलतीकडेच. मी तेव्हा माहेरीच होते. आणि मी, आयसीयूची नर्स... त्याच्या तळपायांना कांदा चोळत बसले. घरात आपण नर्स नसतो, ताई असतो. तो सारखा माझ्या हातावर बोट फिरवत होता. मी हात काढून घेतला. म्हटलं, गप पड जरा. दीड तास असाच गेला. त्याने नशेच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे एका मित्राने बाराव्याला सांगितलं.

त्यानंतर मी अशा कार्यक्रमांतल्या मदतीच्या तंबूत जायला लागले. तिथे नियम साधा — रागवायचं नाही, पोलिसांची भीती घालायची नाही. काय घेतलं आणि किती वाजता, एवढंच विचारायचं. उत्तर मार्करने पेशंटच्याच हातावर लिहायचं, म्हणजे शुद्ध हरपली तरी पुढच्या डॉक्टरला कळतं. लोक म्हणतात, तुम्ही पोरांना मोकळं रान देता. म्हणू देत.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. समुद्राजवळचं मैदान, दुपारचे साडेचार. दोन पोरांनी एका विशीतल्या मुलीला उचलून तंबूत आणलं. त्यातला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं लिया उसने. ऊन लागलंय फक्त. पाणी द्या ना."

तेच वाक्य. माझा हात आपोआप ओल्या टॉवेलकडे गेला. "सावलीत झोपवा हिला, बरं वाटेल," असं मी म्हणणारच होते. खोटं कशाला सांगू... म्हणणारच होते.

मनगट पुसायला तिचा हात वळवला, तर त्यावर निळ्या मार्करने लिहिलेलं — "२ गोळ्या. ३ वाजता. ऊन नाही."

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी वाचलं आणि त्या पोराकडे नुसतं पाहिलं. तो रडायलाच लागला. "हो... दोनच. तीनला. पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

अँब्युलन्स लगेच निघाली. मुलगी वाचली.

तंबूत आम्ही सहाजण. सगळ्यांकडे काळे मार्कर, आणि आकडे आम्ही इंग्रजीत लिहितो. प्रत्येकाला विचारलं, कोणीच लिहिलेलं नव्हतं. मुलीला मराठी लिहिता-वाचता येत नाही. पोरांनी आईची शपथ घेतली. ते अक्षर निलेशचं होतं असं मी म्हणणार नाही. मार्करने सगळ्यांचं अक्षर सारखंच येतं. पण "ऊन नाही" असं कोण कशाला लिहील? आणि माझ्या भावाचं काय झालं, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी माहेरी गेले. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. घाबरली नाही, रडली नाही, सोलतच राहिली. मग म्हणाली, "तवा पन तो तुज्या हातावर कायतरी लिवतच होता ना गं. तू हात काढून घेतलास."

मी कुकर लावायला उठले.

आता तंबूत कोणी पोर माझ्या हातावर बोट फिरवायला लागलं, तर मी हात तसाच ठेवते. अजून कोणी काही लिहिलेलं नाही.