नोर्बूच्या वाट्याचं गाणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिच्यापासून माझी साधी विडीसुद्धा लपत नाही, आता बोला! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी बोलवतंय.

आमच्या नवेगाव बांधहून गोठणगावाकडे गेलं की जंगलाच्या कडेला तिबेटी लोकांची वसाहत लागते. तिथे एक म्हातारे डान्येन वाजवायचे — सहा तारांचं, लांब मानेचं वाद्य, टोकाला घोड्याचं तोंड कोरलेलं. सगळे त्यांना गेन-ला म्हणत, म्हणजे गुरुजी. मी धान लावणारा, गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, पेटी वाजवणारा माणूस. मला कुठून ही हौस? खरं सांगू? मिरवायला. पेटीवाले गावोगाव पडलेत, डान्येनवाला एकही नाही. पण गेन-लांनी मला घरात घेतलं. सूर भूप रागासारखे पाचच, तरी मी पेटीच्या सवयीनं जागोजागी मुरक्या घालायचो आणि ते माझं मनगट धरायचे. "इतना मीठा नहीं. उधर ठंडा है," म्हणायचे. हिंदी त्यांची अशीच, तुटक.

त्यांच्याजवळ एक निरोपाचं गाणं होतं. देश सोडून निघताना त्यांच्या आईनं त्यांच्यासाठी म्हटलेलं. ती पुन्हा भेटली नाही. दर वर्षी दिवाळीच्या आधी वसाहतीतली माणसं स्वेटर विकायला शहरांत जायची, तेव्हा बस हलेपर्यंत गेन-ला ते गात. एरवी कधीच नाही. जाणारा समोर नसताना ते म्हणायचं नसतं, असा त्यांच्या घरचा नेम. मग मला कसं शिकवलं? मी घरी निघालो, चपला घातल्या, की उंबऱ्यातून एक ओळ द्यायचे. दुसरी ओळ हवी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. बजावलं एवढंच, की चार लोकांत न्यायचं नाही. मी हो म्हणालो.

इथून पुढचंच कोणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी मंडईसाठी — दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा — दंडारीला नवी चाल हवी होती. आदल्या वर्षी शेजारच्या गावानं आमचं नाक कापलेलं. मी... मी त्या गाण्याची चाल दिली. माहेरी निघालेल्या बायकोला नवरा एकदाचा बसमध्ये कोंबतो, असं गमतीचं गाणं बसवलं. "जाय वो जाय, मांगं नोको पाहू!" लुगडं नेसलेला आमचा नाच्या कंबर हलवत होता, लोक हसून लोळत होते. वन्स मोर झाला. आणि तेव्हाच मला जिलेबीच्या दुकानापाशी गेन-ला उभे दिसले.

तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. मी वाजवत राहिलो. दुसऱ्यांदा तर जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. नसतो गेलो तर तीच कबुली झाली असती ना? ते ओरडतील म्हणून वाक्यं जुळवत गेलो होतो. ते ओरडले नाहीत. चहा ठेवला. "तुम बजाने वाला है. गाँव बोला तो बजाना पड़ता है," ते म्हणाले. माझ्यावर त्यांना संशयसुद्धा आला नव्हता. मग विचारलं, "लेकिन उनको किसने दिया?"

नोर्बू त्यांचा नातू. आईबाप लहानपणीच गेलेले, गेन-लांनीच वाढवलेला. तो तेव्हा नागपूरला स्वेटर विकत होता. आदल्या वर्षी बस सुटताना त्यानं आजोबांचं गाणं मोबाइलवर घेतलं होतं, परगावी ऐकायला. हे मला माहीत होतं. गेन-लांनाही.

"नोर्बू के मोबाइल से," मी म्हणालो. "उसीने लड़कों को दिया."

गेन-लांनी मान हलवली आणि माझा कप पुन्हा भरला.

नोर्बू लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, परत यायचा होता. त्याला एकदा विचारलं की माझं पितळ उघडं. म्हणून मी रोज जाऊ लागलो. पाणी भरलं, लाकडं फोडली, तापात पाय चेपले. वसाहतीतले लोक म्हणायचे, पोटचा पोर करणार नाही एवढी सेवा करतो. सेवा कसली — पहारा होता तो! नोर्बू आल्यावर तर आजोबा आणि नातू दोघंच खोलीत बसले, की काहीतरी निमित्त काढून मी आत शिरायचो.

पण गेन-लांनी विचारलंच नाही. नातवाला रागावलेही नाहीत. फक्त पुढच्या दिवाळीला बस निघाली तेव्हा ते घराबाहेर आले नाहीत. नोर्बू खिडकीतून मान काढून दाराकडे बघत होता. मी तिथेच, बसला टेकून उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर म्हातारा अनवाणी धावत आला असता. नाही बोललो. बस गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गेन-ला वारले. गाण्याच्या उरलेल्या ओळी मला देऊन गेले, डान्येनही मलाच. नोर्बूनं ते स्वतः उचलून माझ्या हातात ठेवलं, गळ्यात पांढरा खाता, त्यांच्यातलं मानाचं उपरणं, घातला. मी मान झुकवून घालून घेतला. लाज वाटली का? वाटली. तरी घेतला.

आता वसाहतीत काही असलं की मला बोलावणं येतं. परका असून आमचं गाणं जपलं, म्हणतात. नोर्बूची पोरगी माझ्याकडे शिकते. परवा तो तिला सोडायला आला आणि दारातच घुटमळला.

"भाऊ, आजानं मले काऊन नाही शिकवलं? मी तर मांगून राहिलो होतो." रागानं नव्हता विचारत. "माह्यं काय चुकलं ते तुमाले तरी सांगतलं असन ना?"

"बुढा माणूस गा," मी म्हणालो. "त्याच्या मनातलं कोणाले समजते?"

त्यानं मान हलवली. पहिलं खोटं बोलताना माझ्या हातातला कप हिंदकळला होता. या वेळी मी बोलता बोलता पोरीच्या डान्येनची खुंटी पिळली, आणि तार एका फेऱ्यात सुरात लागली.