रीमाची सुई सुटली

रीमा घरत चढाईला निघाली की मैदानाच्या कडेला बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. माणिकपूरच्या आमच्या कबड्डी संघाची कप्तान मी, आल्बिना, आणि ती आमची सगळ्यात चपळ गडी. विशीच्या आतच तिला मधुमेह निघाला. रोज इन्सुलिनची सुई सुरू झाली. एका सामन्यात भर चढाईत साखर इतकी उतरली की ती समोरच्यांच्या हद्दीत कोसळली. तिने खेळणं सोडलं.

पुढे तिचे डॉक्टर बदलले. हॉर्मोनच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉ. नताशा वसईत नव्याने आल्या होत्या. रीमाबरोबर तिचे वडील जयरामकाका आणि मीही गेलो.

"काका, तुम्हालाही साखर आहे?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"हाय ना. माझ्या बापाला होती, बहिनीला हाय. आमच्या घरान कोनाला नाय?"

"कधीपासून?"

"लगीन झालं तवाच निघाली."

"आणि अंगाने?"

काका हसले. "आमी सगले असेच, काटकुळे."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचे डोळे चमकले. "रीमा, हा नेहमीचा मधुमेह नसावा! इन्सुलिन बनवायचा आणि सोडायचा हुकूम देणारं एक जनुक असतं. काही घरांत त्यातच बदल असतो आणि तो आईबापाकडून मुलांत उतरू शकतो. स्वादुपिंडात इन्सुलिन असतं, पण ते वेळेवर बाहेर पडत नाही. अशा काहींना छोटी गोळी पुरते. पण तपासणी होईपर्यंत सुई सोडायची नाही हं!"

रक्त तपासलं. रीमाच्या शरीरात अजून इन्सुलिन बनत होतं! मग जनुकाची तपासणी झाली. निकालाच्या दिवशी मी भाजी चिरत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आल्बी, सापडला! बदल सापडला गं!" ती अक्षरशः किंचाळत होती. मीही सुरी टाकून ओरडले. शेजारची फ्लॉसी काय झालं म्हणून धावत आली.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुई हळूहळू कमी झाली, गोळी सुरू झाली आणि एके सकाळी सुई बंदच झाली. साखर ताब्यात! सुईच्या जागी गोळीचा अर्धा तुकडा. रीमा तो तळहातावर घेऊन बघतच राहिली. "एवढाच?" ती म्हणाली आणि रडू लागली, मग आम्ही दोघी हसत सुटलो.

मनवेलपाड्याच्या स्पर्धेत ती पुन्हा उतरली. खिशात ग्लुकोज होतंच, पण लागलं नाही. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, तरी तिला उचलूनच बाहेर आणलं.

मग घरतांचं अख्खं घर तपासणीला गेलं. काका आणि सत्यवती आत्या, दोघांतही तोच बदल निघाला. रीमाच्या धाकट्या भावात, अल्पेशमध्ये, मात्र नाही. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं, तर हा तोंड पाडून म्हणाला, "म्हणजे मी या घरचा नाय की काय?"

काकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "येड्या, पेढे आन!"