मोठ्या साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल

आधी मावशींचं सांगतो. सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात त्या शिपाई आहेत. मी आज साताऱ्यात कॅमेरा घेऊन उभा आहे तो त्यांच्यामुळं. नाहीतर दुष्काळी जतच्या पूर्वेला आमच्या वस्तीवर थोरल्या भावाच्या मेंढरांमागं असतो. मेंढरं वाईट नाहीत. फोटो बघून ‘पोट जरा आत घ्या’ असं ती कधी म्हणत नाहीत. पण मला तिकडं परत जायचं नव्हतं, आणि ते मावशींना माहीत होतं.

शाळा मी नववीत सोडली. सोडली असं म्हणायचं. खरं तर मेंढरं चाऱ्याला नदीकाठाकडं निघाली, त्यांच्याबरोबर मी निघालो, आणि परत आलो तेव्हा वर्ग पुढं गेला होता. पुढं कुठं कुठं फिरत साताऱ्यात एका फोटो स्टुडिओत टेकलो. स्टुडिओच्या मालकांना सगळा बाजार चाचा म्हणतो, मीही म्हणतो. लग्नाचे फोटो हे त्यांचं मुख्य काम. पण हल्ली दुसरंही काम वाढलं आहे. डॉक्टर, वकील, कारखान्याचे मॅनेजर, सगळ्यांना आपापल्या जागी, कामात असताना फोटो हवा असतो. कुणाला वेबसाइटसाठी, कुणाला वार्षिक अहवालासाठी. पूर्वी माणूस स्टुडिओत यायचा आणि मागं काश्मीरचा पडदा सोडायचे. आता स्टुडिओ माणसाकडं जातो आणि मागं त्याचं ऑफिस असतं. दोन्हीत खरं साधारण सारखंच.

कामात असताना म्हणजे काम थांबवून, हे मला लवकर कळलं. एका वकीलसाहेबांनी कायद्याच्या जाड पुस्तकांपुढं उभं राहून फोटो काढून घेतला. त्यातलं एक हातात घ्या म्हणालो, तर म्हणाले, कपाटाची किल्ली सापडत नाही, बरीच वर्षं झाली. कातडीच्या डॉक्टरांनी फोटोपुरता स्टेथोस्कोप शेजारच्या दवाखान्यातून मागवला. एका इंजिनीअरनी एसी केबिनमध्ये डोक्यावर हेल्मेट चढवलं. मी कुणाला हसलो नाही. मीही खिशाला दोन पेन लावून जातो, आणि त्यातलं एकच चालतं.

तर सांगलीच्या बँकेचं काम आलं तेव्हा चाचांकडं लग्न होतं. अहवालासाठी अकरा अधिकाऱ्यांचे फोटो काढायचे होते. चाचा म्हणाले, “एकटा जा. नीट झालं तर पुढच्या सीझनलाबी तू हाइस. न्हाई झालं तर दुसरा माणूस मला झेपायचा न्हाई, गड्या.” ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते चहात बिस्कीट बुडवत बोलले.

एसटीत खिडकीला बसलो. गाडी सांगलीकडं निघाली होती, म्हणजे माझ्या घराकडंच निघाली होती. मला परत पाठवणं किती सोपं आहे ते मैलाच्या दगडागणिक दिसत होतं.

बँकेत पहिल्यांदा भेटल्या त्या मावशी. चहा पुढं ठेवून त्यांनी विचारलं, कुठला रं तू. जतकडचा म्हणालो. “मंग पाणी अर्धाच गिलास देते, तुमास्नी तेवढ्याची सवय,” म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी दिलं. त्या स्वतः तासगावकडच्या. एवढ्या एका विनोदावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं: नववी, मेंढरं, चाचांचं बिस्कीट. भीती वाटली की मला बोलायला होतं, ही माझी जुनी खोड. त्या ऐकत ऐकत कप गोळा करत होत्या. मग वाळत घातलेलं काहीतरी बघायला गच्चीवर गेल्या. ते काहीतरी काय होतं हे तेव्हाच विचारलं असतं तर हा लेख झाला नसता.

मोठे साहेब, म्हणजे बँकेचे जनरल मॅनेजर, आधी बसले. त्यांना लगेच पलूसच्या शाखेत जायचं होतं. पांढरा शर्ट, मागं पांढरी भिंत, आणि खुर्चीच्या पाठीवर पसरलेला मोठा पांढरा टॉवेल. कॅमेऱ्यात बघितलं तर साहेबांचा चेहरा आणि मिशी हवेत तरंगत होती. ते केस विंचरायला आत गेले तेवढ्यात मी टॉवेल काढून घेतला. खाली काळं लेदर होतं, झकास. साहेब आले, ताठ बसले, मागं टेकलेच नाहीत. चार फोटो झाले आणि ते गेले. मी माझ्यावर खूश होतो. पसारा काढला की माणूस दिसतो, हे मी मोबाइलवर एका व्हिडिओत ऐकलं होतं.

टॉवेल हातातच होता. तो घेऊन मी पुढच्या केबिनमध्ये गेलो. तिथं हिशेब विभागाचे अधिकारी होते, मऊ बोलणारे, पन्नाशीतले. त्यांच्या खुर्चीचं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला होता आणि तो बरोबर त्यांच्या खांद्याजवळ दिसत होता. मी टॉवेल त्यांच्या खुर्चीवर टाकला. त्यांनी टॉवेलला बोट लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग इतके सरळ बसले की मला कॅमेरा वर घ्यावा लागला. त्या दिवसातला सगळ्यात चांगला फोटो तोच. डोळ्यांत पाणी आल्यासारखी चमक होती. मला वाटलं, फ्लॅशच्या छत्रीतला लाइट छान बसला.

त्यांनी तो फोटो लगेच मोबाइलवर मागून घेतला आणि स्टेटसला लावला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्या दारात माणसं यायला लागली. अभिनंदन, साहेब. पहिल्या दोघांना ते नाही नाही म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले, अजून काही जाहीर नाही. त्यानंतर फक्त हात जोडायला लागले. माधवनगर शाखेतून कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. मला वाटलं, वाढदिवस असेल. एक पेढा मीही खाल्ला.

मावशी गच्चीवरून आल्या त्या हातावर दोन घडी केलेले पांढरे टॉवेल घेऊन. केबिनच्या दारात थांबल्या. मला बाजूला घेतलं.

“मोठ्या साहेबांचा टावेल तू काढलास व्हय?”

मी भिंतीचं आणि मिशीचं सांगायला लागलो.

“टावेल म्हंजी काय वाटला तुला? आंग पुसायचा?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. बँकेत टॉवेलाच्या खुर्च्या तीन. एक मोठे साहेब आणि दोन उपसाहेब. बढतीची ऑर्डर आली की त्या दिवशी सकाळी मावशी नव्या साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल घालतात, आणि त्यानंतरच तो त्या खुर्चीत बसतो. माणूस निवृत्त झाला किंवा त्याच्यावर काही बालंट आलं, की टॉवेल काढतात. एका साहेबांना निलंबनाची चिठ्ठी दुपारी मिळाली. पण ते सकाळीच खुर्ची बघून घरी गेले होते. हे नियमात कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून ते कुणी मोडत नाही.

म्हणजे मी तासाभरात एका माणसाला खाली उतरवलं होतं आणि दुसऱ्याला वर चढवलं होतं. नववीत शाळा सुटलेल्याच्या मानानं लय मोठं काम.

साहेब पलूसहून चारच्या सुमाराला परतले. उपसाहेब कोण झालं हे त्यांना वाटेतच तिघांनी फोन करून विचारलं होतं. आम्हाला तिघांना आत बोलावलं: हिशेबाचे अधिकारी, मावशी आणि मी. साहेब खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीमागं उभे राहिले. काळ्या लेदरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, टॉवेल कुणी काढला? आवाज शांत होता, चाचांच्या बिस्किटासारखा.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण जतला जाणारी शेवटची गाडी किती वाजता असते, एवढंच डोक्यात येत होतं.

“म्या काढला, सायेब,” मावशी म्हणाल्या. “धुवायला न्यायचा हुता. मधीच फोन आला, आन् हातातला ह्यांच्या खुर्चीवर ठिवला. इसरले.”

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग म्हणाले, फोटो उद्या परत काढू. मावशींना लेखी खुलासा द्यायला सांगितला. हिशेबाचे अधिकारी बाहेर येऊन आपल्या फाटक्या खुर्चीत हळूच, स्पंज सांभाळून बसले.

जिन्यात मी मावशींना म्हणालो, आवं मावशी, हे काय केलं तुमी? त्या म्हणाल्या, “तुला घालवला तर तू पार जतला जाशील. मला काय, कागद देतील. कागद चावतो का?”

दुसऱ्या दिवशी कागद आला. मावशींना सही येते, लिहिणं जमत नाही. खुलासा मी लिहिला. त्या जिन्याच्या पायरीवर बसून सांगत होत्या, मी नववीतल्या अक्षरात उतरवत होतो: माझ्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही. ‘माझ्या’ हा शब्द लिहिताना हात थांबला. पण थांबला म्हणजे लिहायचा राहिला असं नाही. मावशींनी खाली सही केली, आणि मी लगेच वर जाऊन मोठ्या साहेबांचा फोटो काढला. या वेळी टॉवेल होता, नवा, कडक इस्त्रीचा. त्यांची मिशी पुन्हा तरंगली. साहेबांना फार आवडला. चाचा अहवाल बघून म्हणाले, बघ, पांढरं किती स्वच्छ आलंय.

चाचांनी मला ठेवून घेतलं. बँकेचं काम तेव्हापासून दरवर्षी मलाच येतं. आता कुठल्याही ऑफिसात गेलो की आधी शिपायाला भेटतो आणि काय हलवायचं नाही ते विचारतो. डॉक्टरांच्या टेबलावरची प्लॅस्टिकची फुलंसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही. लोक म्हणतात, पोरगा फार नम्र आहे. तो घाबरट आहे, एवढं त्यांना कळत नाही.

गेल्या खेपेला हिशेबाच्या अधिकाऱ्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. निवृत्तीच्या दिवशी बँक शिपायांना शाल, नारळ आणि एक प्रमाणपत्र देते. ज्याच्या फायलीत एकही ठपका नसतो त्याच्या प्रमाणपत्रावर ‘निष्कलंक सेवा’ असं छापतात. मावशींच्या फायलीत इतक्या वर्षांत एकच कागद आहे. माझ्या अक्षरातला.

मी मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ते अक्षर मला वाचाय येतंय व्हय रं? आणि चहा आणायला गेल्या. पण जाताना त्यांनी कप उलटा धरला होता, आणि मी तेवढं बघण्याइतका फोटोग्राफर आहे.

येत्या मार्चअखेर त्या निवृत्त होतायत. सत्काराचे फोटो काढायला मलाच बोलावतील. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन आलोय, तिथून परत फिरलोय. हे काम हातचं जाईल अशी भीती अजून आहे, ती काही गेलेली नाही. पण आता कागद लिहून तयार आहे. टॉवेल मी काढला, मावशींनी नाही, एवढंच त्यात आहे. सत्काराच्या आधी तो साहेबांच्या टेबलावर ठेवीन. जुन्या खुलाशाशेजारी धरून बघितला तर अक्षर ओळखायला त्यांना जड जाणार नाही. आणि त्या कागदावर बँकेची पोच घेऊन, मावशी, मी तुमच्या तासगावच्या घरी येईन. तोवर तुमचं हे देणं माझ्याकडं बाकी आहे असं समजा.