लॅमिनेट केलेली चिठ्ठी

ज्या दुकानात पदवीचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलं, तिथंच काही वर्षांनी मी अव्वाची औषधाची चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून. दुसऱ्यांच्या रानात भांगलण करून तिनं मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. नोकरी लागल्यावर कसबा बावड्यात दोन खोल्या घेऊन तिला आणलं, तोवर तिचे गुडघे गेले होते.

डॉक्टरांनी दुखणं थांबवणारी गोळी लिहून दिली. रोज एक, जेवणानंतर, पाच दिवस. अव्वा भिंत न धरता उठू लागली. गोळ्या संपल्या की दुखणं परत. दर वेळी रजा कुठली काढायची, म्हणून मी तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवत राहिलो. घडीवर फाटायला लागली, तेव्हा लॅमिनेशन केलं.

दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, ही जुनी हाय. नवीन आणा की."

"मी सायन्सचा ग्रॅज्युएट आहे," मी म्हणालो. त्यानं मुकाट्यानं गोळ्या दिल्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पाकिटावर इंग्रजीत छापलेलं असायचं. ते मला वाचता येत होतं. आपल्याकडं चिठ्ठी आहे, म्हणजे कायद्यात बसतं, अशी मी समजूत घालून घेतली. 'पाच दिवस' मात्र नजरेआड केलं.

असे आठ महिने गेले. अव्वा सोमवार कडक धरायची, चहासुद्धा घ्यायची नाही. त्या दिवशीही ती गोळी घ्यायची, कारण एकही दिवस चुकवू नको, असं मीच बजावलं होतं.

अशाच एका सोमवारी दुपारी तिला काळी उलटी झाली आणि ती मोरीतच बसली. रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली. मी चिठ्ठी पुढं केली.

"पाच दिवसांची परवानगी होती ही. कायमचा दाखला नव्हे," त्या म्हणाल्या. "पोटात जखम होऊन रक्त जातंय. हे लॅमिनेशन कुणी केलं?"

खाटेवरून अव्वाच बोलली, "मीच केलं की. ह्यो नगं नगं म्हणत हुता."

"आजी, तुम्ही लॅमिनेशन करता?"

"दुकानात करत्यात की बाई! त्याला काय हुतंय?"

नर्स हसली. मी खाली बघत होतो.

"गोळ्या किती घेतल्या?"

"आठवड्यातनं एखादी."

उपचार यावरच ठरणार होते. "रोज," मी म्हणालो. "आठ महिने. उपवासालाही." तेवढं बोललो. कुणी आणून दिल्या, ते बोललो नाही.

दोन बाटल्या रक्त चढवलं. अव्वा वाचली. घरी सोडताना बाईंनी मला समजावलं, की अशी गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, मनानं वाढवायची नाही आणि दुखणं परत आलं तर आधी डॉक्टर. मी वहीत लिहून घेतलं, वर्गात घ्यायचो तसं.

घरी शेजारणी आणि गावाकडचे पावणे भेटायला आले. अव्वा प्रत्येकाला सांगत होती, "पोरगं शिकल्यालं हाय म्हणून वाचले बघा. दुसरा कोण आसता तर ग्येलतेच मी."

"व्हय की," ते म्हणत, आणि माझ्याकडं कौतुकानं बघत.

मी सगळ्यांना चहा देत राहिलो.