पान्ह्याचा राखणदार

“हलू बोला, गाय पान्हा चोरंल!” हे आमच्या घरमालकाचं पालुपद. घणसोली गावठाणातल्या त्याच्या चार मजली बिल्डिंगमागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एकच गाय. धार काढायची वेळ झाली की आम्हा भाडेकरूंना कुकरची शिट्टीसुद्धा करायची बंदी.

एकदा शेजारच्या हळदीत डीजे सुरू झाला. हा धार अर्धी टाकून, दुधाच्या हातांनीच मांडवात गेला आणि नवरदेवाच्या बापाशी भांडून आवाज बंद करून आला. वासरू लुचत असताना कोणी समोर उभं राहिलेलंही त्याला खपायचं नाही. “घाबरली का दूध वर ओढते. आई हाय ना ती,” म्हणायचा. आम्ही हसायचो, पण मला तो आवडायचा.

मग त्याला मुलगा झाला. बायको दिवाळे गावची, कोवळी पोर, पहिलटकरीण. बाळ घरी आल्यापासून खोलीत पाहुण्यांचा नुसता बाजार. ती पदराआड अंग चोरून बाळाला छातीशी घेई आणि भोवतीच्या बाया वाकून वाकून बघत. सासू सगळ्यांदेखत म्हणे, “हिला दूधच नाय. पोर उपाशी मरंल माझा.” ती रडायची. अशात दूध कसं उतरणार, तुम्हीच सांगा. आणि हा कुठे? खाली शेडमध्ये, गाईचं अंग चोळत.

मी तडक खाली गेले. “दादा, वर जा. त्या बायांना आधी बाहेर काढा.”

“ताई, तो बायकांचा विषय. आपन मधी नाय पडायचं.”

माझं डोकंच फिरलं. “गाईसाठी हळदीचा डीजे बंद पाडता, आणि बायकोसाठी आईपुढे तोंड उघडत नाही? माणूस आहात की कोण?”

तो ओशाळं हसला. संध्याकाळी मेडिकलमधून बाळाच्या दुधाच्या पावडरचा सगळ्यांत मोठा डबा घेऊन आला आणि वर मलाच दाखवला. “टेन्शन मिटला, ताई.” तोच डबा त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला मला.

त्याची बायको मला हळूच म्हणाली, “त्यांना सांगा, मीपन गायच हाय. मग तरी ऐकतील.”

सांगितलं. शब्द न्‌ शब्द सांगितला. त्याचा चेहरा उतरला, पण हललाच नाही मेला. त्याला कंठ फुटेपर्यंत बाळ बाटलीला सोकावलं होतं.

शेवटी एका दुपारी त्याने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, आईलासुद्धा. दार लोटून उंबऱ्यावर बसला. आईने शिव्यांची लाखोली वाहिली तरी उठला नाही. मी जिन्यात उभी होते. आत बाळ छातीला तोंड लावत होतं, सोडत होतं, किंचाळत होतं. ती त्याला पुन्हा पुन्हा जवळ घेत होती. बराच वेळ असं चाललं.

मग आतून तिचा आवाज आला, अगदी कोरडा.

“आता तिथं बसून काय करता? पानी उकलत ठेवा. पोर भुकेला हाय.”